काचेवरचा डाग

फेब्रुवारीतली अमावास्या, वांगणीपुढे मित्राचं शेत. सप्तर्षी नीट वर यायला अकरा वाजले. माझ्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीला २५ मिमीची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की सप्तर्षींजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या दोन दीर्घिका दिसणाऱ्या एकाच गोल चकतीत मावतात. एक लांबट पुसट ठिपका, शेजारी बारीक तिरकी रेघ. बस्स, एवढंच! फोटोतले रंग विसरा.

मित्राचे आबा डोळा लावून म्हणाले, “काच पुसा, डाग पडलाय.”

“आबा, त्याच्याकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा.” अंधुक उजेड नजरेच्या कडेने जास्त कळतो.

आबा गप्प. मग, “हां... दोन हायेत. किती लांब?”

“उजेडाला यायला सव्वा कोटी वर्षं लागतात, जवळपास.”

तेवढ्यात फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर, दव साचलं. रुमाल शोधेपर्यंत आकाश सरकलं, दोन्ही दीर्घिका चकतीबाहेर.