४१६४१६ : सांगलीच्या पिनकोडाचे गणित

सांगलीकरांना आपला पिनकोड पाठ करावा लागत नाही. ४१६ लागोपाठ दोनदा लिहिले की झाले. पिनकोडाची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि टपाल खात्याने ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. तीत पहिल्या तीन अंकांनंतर पुन्हा तेच तीन अंक यावेत हा निव्वळ योगायोग असला, तरी गणिताच्या दृष्टीने तो फार फलदायी आहे.

कोणतीही तीन अंकी संख्या दोनदा लिहिणे म्हणजे तिला १००१ ने गुणणे, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून ४१६४१६ ला ७ ने भागल्यावर ५९४८८ येतात, त्यांना ११ ने भागल्यावर ५४०८ आणि त्यांना १३ ने भागले की पुन्हा ४१६ हाती येतात. ते ४१६ म्हणजे ३२ × १३. तेव्हा आपल्या संख्येत २ हा अवयव पाच वेळा, १३ दोनदा आणि ७ व ११ एकेकदा येतात. तिचे एकूण विभाजक ७२ भरतात. सांगलीतल्याच विश्रामबाग भागाचा पिनकोड ४१६४१५ हा ३ × ५ × १७ × २३ × ७१ असा सुटतो, पण मिरजेच्या ४१६४१० मधून २ आणि ५ काढले की ४१६४१ ही अविभाज्य (मूळ) संख्याच उरते आणि विषय तिथेच संपतो. (मिरजकरांनी राग मानू नये.)

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला, देवळालीचे शिक्षक आणि गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलेल्या नावाप्रमाणे, हर्षद संख्या म्हणतात. ४१६ च्या अंकांची बेरीज ११ आहे आणि ११ ने ४१६ ला भाग जात नाही; मात्र तीच संख्या दोनदा लिहिताच बेरीज २२ होते आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८ असा पूर्ण भाग जातो.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. पिनकोड दोनदा लिहून होणारी बारा अंकी संख्या मूळ पिनकोडाच्या १०००००१ पट, म्हणजे १०१ × ९९०१ पट असते. तीही दोनदा लिहिली की ७३, १३७ आणि ९९९९०००१ हे आणखी तीन मूळ अवयव मिळतात. एरवी चोवीस अंकी संख्येचे अवयव हाताने पाडायला कोणी बसणार नाही. इथे मात्र ते एका ओळीत मांडता येतात.

संख्या अशी दर वेळी दोनदा लिहिली की अंकांची बेरीजही दुप्पट होते : ४४, ८८, १७६, ३५२. या प्रत्येक बेरजेत ११ आणि २ चा कोणता तरी घात एवढेच असते, आणि ३५२ म्हणजे ३२ × ११ असल्यामुळे शहाण्णव अंकांपर्यंत संख्या हर्षदच राहते. त्यापुढच्या १९२ अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ७०४, म्हणजे ६४ × ११ होते. परंतु संख्या दोनदा लिहिताना आपण ज्यांनी गुणत आलो त्या सगळ्या संख्या विषम असल्याने २ हा अवयव पहिल्यापासून पाचच वेळा राहिलेला असतो. ६४ ला तो सहा वेळा हवा, त्यामुळे भाग जात नाही.