वासराचं दूध आणि सांख्यांचा पुरुष

शाळेच्या महोत्सवाच्या निमित्तानं ही एक आठवण. गीताजयंतीच्या पाठांतर स्पर्धेला आमच्या वेळी बारावा नाहीतर पंधरावा अध्याय ठरलेला असायचा. एका वर्षी संस्कृतच्या सरांनी हट्टानं तेरावा लावला. ‘प्रकृतिं पुरुषं चैव विद्ध्यनादी उभावपि’ इथं आलो आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, दोघंही अनादी, मग आधी कोण?’ सर म्हणाले, ‘शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा.’ प्रकृती-पुरुषाचा हा विचार सांख्य दर्शनाचा, म्हणून त्या दर्शनाचा ग्रंथ, सांख्यकारिका, अशी आमची सुरू झाली. ती ना अभ्यासक्रमात, ना परीक्षेत. पूर्ण संस्कृत घेतलेले आम्ही मोजकेच. त्यातही ज्यांची एसटी उशिराची, ते थांबायचे.

ईश्वरकृष्णानं रचलेल्या या सत्तर-बहात्तर आर्या, म्हणजे श्लोक; एकेका श्लोकाला कारिका म्हणायचं. उज्जैनच्या परमार्थ नावाच्या बौद्ध भिक्षूनं सहाव्या शतकात चीनमध्ये बसून त्यांचं चिनी भाषांतर केलं, हे सरांनी जाता जाता सांगितलं. पण त्यांचा जीव फळ्यात. मधोमध उभी रेघ मारून त्यांनी डावीकडे एकच शब्द लिहिला, पुरुष. उजवीकडे मूळ प्रकृती, म्हणजे जगाचं जड मूळ, तिच्यातून बुद्धी, मग अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं) आणि पाच महाभूतं. चोवीस तत्त्वं एका बाजूला आणि पंचविसावं एकटं पलीकडे.

आम्ही चक्रावलो. कीर्तनं ऐकत वाढलेली पोरं आम्ही. मन, बुद्धी, आत्मा हे सगळं एकाच घरातलं असं धरून चाललो होतो. इथं मन आणि बुद्धी दगडमातीच्या पंगतीला! पुरुष म्हणजे शुद्ध जाणीव, फक्त पाहणारा. तो करत काहीच नाही.

‘मग गणित कोण सोडवतं, सर?’

‘प्रकृती.’

‘आणि नापास कोण होतं?’

‘तीही प्रकृतीच. पण हे घरी सांगायचं नाही.’

खरी गंमत आली ती सत्तावन्नाव्या कारिकेला. जड प्रकृती दुसऱ्यासाठी कशी राबेल, याला ईश्वरकृष्णाचा दाखला असा: दुधाला कुठं काही कळतं, तरी ते वासराच्या पोषणासाठी वाहतंच, तशी प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी वाहते. आमच्यातल्या एकाच्या घरी म्हशी होत्या. पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून मग शाळेत येणारा गडी तो. तो उठून म्हणाला, ‘सर, दूध आपोआप कुठं येतंय? म्हशीच्या मनात असंल तरच पान्हा सोडती. नवा माणूस कासंला बसला की चोरून धरती. वासरानं ढुशी मारावी लागती.’

सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी हाच आक्षेप घेतलाय, ते म्हणाले. गाय सचेतन आहे, वासरावरच्या मायेनं ती दूध सोडते, शिवाय वासरू चोखतं म्हणून ते ओढलं जातं. वर आणखी एक फटका: गवताचं आपोआप दूध होत असेल, तर बैलानं खाल्लेल्या गवताचंही व्हायला हवं! त्यावर वर्ग जो हसला, तो शेजारच्या वर्गाची शिकवणी थांबेपर्यंत. आचार्यांनी सांख्यांच्या प्रधानवादाला, म्हणजे जड प्रकृतीच जगाचं कारण या मताला, मुख्य मल्लाचा मान दिलाय; तो चीत झाला की बाकीचे पडल्यातच जमा. आमच्या तालमीच्या गावात हे वेगळं समजावावं लागलं नाही.

पुढे मी परळला पशुवैद्यक शिकलो. वासराचं तोंड सडाला लागलं की मज्जातंतूंवाटे मेंदूला निरोप जातो, पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं, कासेतल्या दूधपिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि पान्हा येतो. जनावर बुजलं की अ‍ॅड्रेनालिन आड येतं. मित्राची म्हैस ‘चोरून धरायची’ ती त्यामुळे. हे शिकताना फळ्यावरची रेघ पुन्हा आठवली आणि मत बदललं. मित्राचा आक्षेप शंकराचार्यांच्या तोंडी शोभला, तरी सांख्याला तो लागत नाही असं मला वाटतं. ‘मनात असंल तर’ म्हणालास ना? मन उजव्याच रकान्यात आहे की! माया, भीती, ओढ, सगळं प्रकृतीचंच. संप्रेरकाला वासरू ठाऊक नसतं, तरी वासराचं पोट भरतं.

सांख्याची खरी दुबळी जागा दुसरीकडे उघडी पडते. पुरुष पांगळा, प्रकृती आंधळी, एकमेकांच्या आधारानं चालतात, असं एकविसावी कारिका सांगते. यावर आचार्य विचारतात, पांगळा निदान बोलून वाट तरी दाखवतो. तुमचा निष्क्रिय पुरुष काय करणार? याला मला अजून पटणारं उत्तर मिळालेलं नाही. नुसत्या सान्निध्यानं, चुंबकासारखं, म्हणावं तर तो पुरुष कायमच जवळ; मग सृष्टी थांबायची कधी आणि मोक्ष व्हायचा कधी? हाही प्रश्न भाष्यातच आहे.

बासष्टावी कारिका मात्र अफाट. कुणी बांधला जात नाही, कुणी सुटत नाही, कुणी जन्ममरणाच्या फेऱ्यातही पडत नाही. हे सगळं होतं ते प्रकृतीचंच. ती वाचली आणि पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक लागलं. उरलेल्या आर्या तशाच राहिल्या.

तो मित्र आता पंचवीस-तीस म्हशींचा गोठा सांभाळतो. गावी गेलो की जनावरं तपासायच्या निमित्तानं वाद होतोच. तो आचार्यांच्या बाजूचा, मी अर्धा ईश्वरकृष्णाचा. महोत्सव समितीला एक सुचवतो: भाषणांतली दोन कमी करून एखादा शनिवार आम्हाला द्या. त्रेसष्टाव्यापासून सुरू करू.