कंदील इझला तर

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मोफत व्याख्यान असतं. खुर्च्या मांडणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, चहा सांगणं, ग्रंथपाल म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. फुकट असलं की सांगलीत माणूस फिरकत नाही. वीस डोकी जमली तरी मी खूश असतो.

त्या शनिवारी विषय होता हरिपूरची हळदीची पेवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खणलेली, पोटात रांजणासारखी फुगलेली आणि तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी. आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५च्या पुरात पाणी शिरून माल कुजला आणि बऱ्याच व्यापाऱ्यांनी गोदामं धरली. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचीही स्लाइड होती. वक्ते पुण्याचे, माहिती चोख, पण मागच्या रांगेत दोघं पेंगायला लागले होते.

तेवढ्यात वीज गेली.

अंधारात मागून आवाज आला, "सायेब, पेवात उतरलाय का कदी?"

टोपीवाले एक आजोबा. मी कपाळाला हात लावला. पण पाहुणे मोठ्या मनाचे निघाले. स्वतः बाजूला सरकले आणि म्हणाले, "नाही हो. तुम्हीच सांगा."

आजोबा पुढं आले. "झाकण काढलं की लगीच कोन उतरत न्हाई. दोन-तीन तास उगडं ठिवायचं. मग दोरीला बांधून कंदील सोडायचा." त्यांनी चिमटीतून दोरी सोडल्यागत हात हळूहळू खाली नेला. "इझला, की समजायचं खाली वारं न्हाई. जळतोय म्हटल्यावर माणूस उतरायचा."

मग हमालीचे दिवस निघाले. "सांजंला घरी गेलं की बायको म्हनायची, रोज हळद लावून येताय, नवरी कुठाय?" पेंगणारेही हसले.

व्याख्यानानंतर अर्धा तास आम्ही लेखनाला ठेवतो. पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर पाच-सहा ओळी लिहायच्या, एवढंच. एरवी सगळे नदीकाठचा सूर्यास्त लिहितात. आजोबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून कॉलेजची एक मुलगी त्यांच्याशेजारी मोबाइलच्या उजेडात बसली. तिनं झोकात सुरुवात केली, 'हळदीचा मंद सुगंध दरवळत होता.'

"वाच बगू." तिनं वाचलं. "सुगंद कशाचा? ठसका लागायचा. खोड ते."

तिनं खोडलं. 'ठसका' लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "आणि आजोबा, आत अंधार किती असायचा?"

"अंदार कुठला! वर बगितलं की आभाळ दिसायचं की." त्यांनी दोन्ही हातांनी गोल केला, थोडा मोठा झाला म्हणून परत लहान केला. "एवढं. भाकरीएवढं."