तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाताऱ्यांना कसले आले कोचिंग?

नागपुरात कोचिंग म्हटले की नीट-जेईईचे वर्ग आठवतात. त्यामुळे मी एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी हे काम करते असे सांगितले, की समोरचा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, की वस्तीत ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे, बाग आहे, देऊळ आहे, तर या लोकांना तिथे नेऊन बसवले म्हणजे झाले. त्यात शिकवण्यासारखे काय आहे?

सुरुवातीला मलाही तसेच वाटत होते. प्रतापनगरातले एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगा पुण्यात. त्यांना मी ओळख होताच मंडळाच्या कोजागरीला जवळजवळ ओढून नेले. तिथे लाऊडस्पीकर, टाळ्या आणि एकाच वेळी बोलणारी चाळीस माणसे. काका मसाला दुधाचा पेला धरून दोन तास नुसते हसत राहिले आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला दार उघडले नाही. त्यांना कमी ऐकू येते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते, कारण शांत घरात समोरासमोर ते ओठांवरून निभावून नेत.

पुढे त्यांनीच सांगितले, "बाई, कूलर बंद केला तर जीव जातो, अन् सुरू ठेवला तर बेल ऐकू येत नाही." उन्हाळाभर खिडकीतल्या त्या घरघरीमुळे दोनदा परत गेलेले शेजारी तिसऱ्यांदा आले नाहीत, शेजाऱ्यांना काका आखडू वाटू लागले आणि काकांच्या मनाने घेतले, की आपण आता कोणालाच नको आहोत.

कोचिंग लागते ते मनात बसलेल्या या समजाची गाठ सोडवण्यासाठी. शिकागोच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा असे घट्ट झालेले समज तपासून बदलण्याचा एकटेपणावर अधिक परिणाम दिसला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाने एकटेपणाशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार सांगितले आहेत, म्हणजे हा काही रिकामपणचा उद्योग नव्हे.

आम्ही आधी तीन प्रश्न विचारतो: सोबतीची उणीव, वगळले गेल्याची भावना आणि तुटलेपण किती वेळा जाणवते? गुण ३ ते ९. जितके जास्त तितका एकटेपणा अधिक. काकांचे ८ होते. मग पुढचे पाऊल त्यांनीच ठरवायचे असते, आणि माझ्यासारख्या उत्साही बाईला गप्प बसणे हेच त्यातले सर्वात कठीण काम वाटते. काकांना मंडळ नको होते; अजनीत राहणारा जुना सहकारी हवा होता. फोनवर ऐकू येत नाही म्हणून त्यांनी व्हॉट्सअॅपवर निरोप लिहिला. टपरीवर गर्दी होण्याआधीची, सकाळी साडेसहाची वेळ ठरली. पाठ भिंतीला आणि उजवा, म्हणजे बरा, कान मित्राकडे. पहिल्या दोन वेळा मी सोबत होते, तिसऱ्या वेळी रस्त्यापलीकडे थांबले, नंतर गेलेच नाही.

चार महिन्यांनी गुण ५ आले. कानाच्या यंत्रासाठी मित्रानेच त्यांना डॉक्टरकडे नेले. मंडळाची वर्गणी काकांनी अजून भरलेली नाही आणि मीही तो विषय काढत नाही.