आजचा रोज

पाऊण तास बसची वाट पाहत होतो. पुढे एक पोरगा, पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग, गाडी बंद पडलेली. "आजचा रोज बुडाला, काका."

झालं, मी सुरू झालो. २९ कामगार कायद्यांच्या ४ संहिता केल्या. त्यातल्या ३ सप्टेंबर २०२०मध्ये राज्यसभेत मंजूर झाल्या, तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता.

"त्यात आमचं काय?"

सामाजिक सुरक्षेचा उल्लेख आहे रे. पण कंपनी तुला कामगार म्हणतच नाही, पार्टनर म्हणते. तो खो खो हसला.

मी ज्यांना मत देतो, ते यावर मोर्चे काढतात. (रविवारी! ही पोरं सर्वांत जास्त राबतात तेव्हा.)

बस आली, खचाखच भरलेली. थांबलीच नाही.