ठोका मागून येतोय, मामा

१८६ पौंड. ती पावती फ्रीजवर लावून ठेवलीय आणि अजून काढलेली नाही. मागच्या दोन्ही लिंक रॉड बदलल्या, मजुरीसकट, असं तिच्यावर लिहिलंय. गॅरेजमधून गाडी घेऊन निघाले, पहिल्या वळणावर रस्त्याचा एक तुकडा उखडलेला होता, आणि मागून तोच आवाज. ठक. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, ठक ठक.

शेफिल्डला येऊन सहा वर्षं झाली. इथल्या थंडीबद्दल, चढणींबद्दल आणि भाकरीच्या पिठासाठी केलेल्या पायपिटीबद्दल मागे लिहून झालंय. आज फक्त ह्या आवाजाबद्दल लिहिते. तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गाडी कन्व्हर्टिबल आहे. दोन सीटची, जपानी, बारा वर्षं जुनी, कापडी छताची. घरी फोटो पाठवला तेव्हा पहिला प्रश्न आला की पावसाच्या देशात उघडी गाडी कशाला. सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हात छत उघडून कुणी बसणार नाही, हे मान्य. पण महिनोन् महिने करड्या आभाळाखाली काढल्यावर एखाद्या दुपारी ऊन पडतं, तेव्हा छत मागे टाकून पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात जायचं, ह्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले. बारा वर्षांच्या गाडीला इथे फार किंमत नसते. कर्ज काढलेलं नाही. हे खास आईसाठी लिहितेय, कारण तिच्या मते ती चैन आहे.

तर गॅरेज. माझा राग १८६ पौंडांवर नाही. मी त्या माणसाला म्हटलं होतं, माझ्या शेजारी बसा, पाच मिनिटांची चक्कर मारू, आवाज ऐकवते. तो म्हणाला, गरज नाही, मागून ठोका म्हणजे बहुतेक वेळा लिंक रॉडच असतात. बहुतेक वेळा असतातही. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या स्टॅबिलायझर बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी ती छोटी दांडी, तिच्या टोकाचा बॉल झिजला की वाजते, आणि पार्ट स्वस्त असतो. पण आवाज कधी येतो, कुठल्या वेगाला येतो, ब्रेक दाबल्यावर थांबतो का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. काउंटरवर कॉफीचं मशीन होतं, गाडीचे फोटो ईमेलवर आले, पावती छापील मिळाली. गाडी मात्र कुणी ऐकली नाही.

माझं लहानपण सोलापुरात होटगी रोडला मामांच्या गॅरेजमध्ये गेलं. शाळा सुटली की मी तिथल्या जुन्या टायरवर बसून गृहपाठ करायचे. गिऱ्हाईक कन्नडमध्ये तक्रार सांगायचं, हाताखालचा माणूस ती तेलुगूत कुणाला तरी सांगायचा आणि मामा मराठीत म्हणायचे, "चला, बसतो शेजारी." गाडी मालकाने चालवायची, मामांनी डोळे मिटून ऐकायचं. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी कुठला तुटलाय हे ते खाली वाकण्याआधी सांगत. इंजिनमधला आवाज शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, हे मी नववीत असताना त्यांच्याकडून शिकले.

म्हणून मी मामांना रेकॉर्डिंग पाठवलं. त्या दिवशी सोलापुरात गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, अक्षता होत्या, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यांचा फोन आला तेव्हा मागे "हर्र बोला हर्र" चाललं होतं, सातही नंदीध्वज, यात्रेतल्या त्या उंच काठ्या, जागेवर, सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या असणार. इथे सकाळी आठ वाजताही पुरतं उजाडलेलं नव्हतं आणि खिडकीबाहेर बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी चाललेली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मामांना वाटलं, रेंज गेली.

"आवाज कुठनं येलालाय गं नेमका?"

"मागून, मामा. डावीकडून की उजवीकडून तेच कळत नाही."

"दोन्ही चाकं एकदम उचलली की येतो, का एक उचललं की?"

हा प्रश्न मला तीन आठवड्यांत कुणी विचारला नव्हता. इथल्या रस्त्यांवर दोन प्रकारचे स्पीड ब्रेकर असतात. एक आपल्यासारखा, रस्त्याच्या कडेपासून कडेपर्यंत. दुसरा म्हणजे चौकोनी उशीसारखा उंचवटा. तो बस आणि अग्निशमन गाडीच्या दोन चाकांच्या मधून जातो, म्हणजे त्यांना हादरा बसत नाही, पण लहान गाडीचं एक चाक त्यावर चढवता येतं. माझ्या घराच्या गल्लीत उशा आहेत, मागच्या गल्लीत पूर्ण आडवा ब्रेकर. मी त्याच रात्री दोन्हीकडून दहा-दहा फेऱ्या मारल्या, माणूस पायी चालेल इतक्या वेगाने. ठोका दोन्हीकडे आला.

"मग लिंक रॉड नव्हतीच ती," मामा म्हणाले. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर स्टॅबिलायझर बार पिळलाच जात नाही, तो नुसता वर-खाली होतो, लिंकवर जोर येत नाही. एक चाक उचललं तरच लिंक वाजायला हवी. एका प्रश्नात १८६ पौंडांचा हिशेब झाला.

पुढचे तीन दिवस ते सांगत गेले आणि मी करत गेले. डिकी पूर्ण रिकामी केली. जॅक आणि पाना त्यांच्या खोबणीतून काढून घरात ठेवले, कारण सैल जॅकचा ठोका सस्पेन्शनसारखाच ऐकू येतो. ब्रेक हलका दाबून उंचवट्यावरून गेले, आवाज बदलला नाही, म्हणजे ब्रेक पॅडवरचा संशय मिटला. सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून बघितला, त्याचे रबर ठीक होते. मग मामांनी छत उघडायला सांगितलं. जानेवारीत, चार डिग्रीत, मी छत मागे टाकून गाडी चालवली. छताच्या सांगाड्याचा आवाज असता तर बदलला असता. उलट तो जास्त स्वच्छ झाला.

कन्व्हर्टिबलची अडचण ही की वरचं पोलादी छत नसल्याने बॉडी पिळते. म्हणून तळाला जास्तीचे पट्टे आणि आडवे रॉड असतात, आणि एका कोपऱ्यातला ठोका त्यांतून दुसऱ्या कोपऱ्यात पोचतो. शॉकअपचं डोकं सीटच्या मागेच, मध्ये फक्त गालिचा आणि पातळ पत्रा. कान फसतो. त्यावर मामांनी तोड काढली: फोन आधी डावीकडच्या शॉकअपच्या डोक्याजवळ चिकटपट्टीने बांध, मग उजवीकडच्या, तोच उंचवटा, तोच वेग, दोन रेकॉर्डिंग पाठव. डावीकडचं त्यांनी दोनदा ऐकलं. "हेच."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सत्तरीतल्या काकांनी मदत केली. गालिचा काढला. त्यांनी मागचा डावा कोपरा दाबून सोडायचा, मी शॉकअपच्या माऊंटिंगवर, म्हणजे त्याचं डोकं बॉडीला जोडणाऱ्या भागावर, दोन बोटं टेकवायची. तिसऱ्या दाबाला बोटांना कळलं. आवाज नव्हता, फक्त एक टिचकी. माऊंटिंगमधलं रबर गेलेलं आणि शॉकअपचा दांडा आत मोकळा हलत होता. काका थंडीत अर्धा तास उभे होते आणि चहालाही थांबले नाहीत.

मला वाटलं, आता मीच उघडते. मामा फोनवर ओरडले. मधला नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय सोडायचा नाही, स्प्रिंग अंगावर येते. त्या कामाला स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर असलेल्या माणसाकडेच जायचं.

गाडीची वार्षिक तपासणी, एमओटी, मागच्याच महिन्यात झाली होती आणि गाडी पास होती. मी तपासणी करणाऱ्यांवरही चिडले होते. मग वाचलं की त्या तपासणीत काही उघडायची परवानगीच नसते, बाहेरून दिसेल आणि हलेल तेवढंच बघायचं. तरीही गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी कुणीतरी ती वर उचलून खालून बघतं, तुटलेली स्प्रिंग दिसली की नापास करतं. मिठाने स्प्रिंगा इथे खरंच तुटतात. आणि गाडीचा नंबर टाकला की जुने सगळे निकाल कुणालाही फुकट बघता येतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर पीयूसीचा धूर सोडला तर सरकारी नियमाने खाली कुणी वाकत नाही. हे आपल्याकडे यायला हवं, मी मनापासून म्हणते. पण मामांच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलायला आलेली गाडीसुद्धा खालून बघितल्याशिवाय जात नाही, आणि त्याचे ते पैसे घेत नाहीत, हेही मला लिहायचंय. सोलापूरच्या मेकॅनिकला कुणी "जुगाडू" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मामांच्या त्या प्रश्नांत जुगाड कुठे होता?

दुसऱ्या गॅरेजवाल्याला मी सगळं कागदावर लिहून दिलं. त्याने वाचलं, गाडीत शेजारी बसला, त्याच उशीवरून आम्ही गेलो, आणि तो म्हणाला, डावं माऊंटिंग. दोन्ही बाजूंची बदलली. खालच्या आर्मचा रबरी बुश असलेला बोल्ट त्याने सैल केला होता, तो गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा आवळला, लटकत्या गाडीत नाही, म्हणजे रबर पिळलेलं राहत नाही. मामांनी मला हेच बघायला सांगितलं होतं, आणि मला विचारावंही लागलं नाही.

रात्री गल्लीतून जाताना मी मामांना व्हिडिओ कॉल लावला आणि उशीवरून गेले. काहीच वाजलं नाही. तिकडे पहाटेचे दोन वाजले होते, मामा अंथरुणात उठून बसले होते.

"जुनं माऊंटिंग टाकून दिलं नाहीस ना?"

"नाही मामा, मागून घेतलंय."

"येताना आण. रबर कुठल्या बाजूनं गेलंय, बघायचंय मला."

ते वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवलंय.