आमच्या प्लॉटच्या फोटोखाली दुसऱ्याचाच नंबर

वर्ध्याला लागून असलेल्या एका जुन्या लेआउटमध्ये बाबांनी घेऊन ठेवलेला 1,500 चौरस फुटांचा प्लॉट आम्ही यंदा विकला. सौदा नीट झाला, ठरलेले पैसेही मिळाले. पण त्याआधी मालमत्तेच्या वेबसाइटवर जे अनुभवलं ते लिहायलाच हवं. कारण आमच्याकडे आता घेणारा काय नि विकणारा काय, दोघंही आधी मोबाइल उघडतात. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि येळाकेळी, सेलूकडचे लेआउट जाहिरातीत झळकायला लागले. खेड्यातला माणूसही आज नागपूरच्या माणसासारखाच फोनवर प्लॉट शोधतो.

मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई आणि दादा वर्ध्यातच राहतात. दादाने एका मोठ्या वेबसाइटवर 'मालक' म्हणून फुकटातली नोंदणी केली. भाव 900 रुपये फूट, म्हणजे साडेतेरा लाख. फोटो मीच काढले. कंपाउंडच्या भिंतीवर निळ्या रंगात 'प्लॉट विकणे आहे' लिहून घेतलं होतं, त्याखाली दादाचा नंबर. तो फोटो सगळ्यात वर टाकला.

फोन भरपूर आले, पण जवळपास सगळे दलालांचे. 'पार्टी आहे माझ्याजवळ, तुम्ही फक्त हो म्हणा.' खरा घेणारा कुठे अडकतोय ते कळत नव्हतं. एका रविवारी पुलगावचे एक गुरुजी बायकोला घेऊन थेट प्लॉटवरच आले, भिंतीवरचा नंबर पाहून त्यांनी दादाला फोन लावला. आम्ही गेलो. भाव सांगितला तर गुरुजी चाट पडले.

"मॅडम, तुम्ही तर वेगळाच भाव सांगून राहिले. फोनवरचा माणूस म्हणे साडेअकराशे फूट, एक रुपया कमी होत नाही. अन् मालक पुण्याले राहते, फोनच उचलत नाही म्हणे."

आई म्हणाली, "बाप्पा! आम्ही त इथंच हाओत."

गुरुजींनी मोबाइल पुढे केला. फोटो आमचाच. कोपऱ्यातला कडुनिंब, पाठीमागची शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, सगळं तेच. फक्त भिंतीवरच्या नंबराचा भाग कापून टाकलेला. तोही घाईत कापला असावा, कारण चौकटीच्या खालच्या कडेला निळ्या अंकांचे वरचे तुकडे दिसत होते. अंक वाचता येत नव्हते, पण रंग आणि जागा आमचीच होती. खाली एका दलालाचं नाव, त्याचा नंबर, आणि भाव सव्वासतरा लाख. पावणेचार लाखांचा फरक, वर दोन्हीकडून दोन-दोन टक्के दलाली वेगळी. आमची स्वतःची नोंदणी शोधायला मला बोटाने बराच वेळ यादी खाली सरकवावी लागली.

त्या नंबरवर मी फोन केला, नाव सांगूनच केला. माणूस उद्धट नव्हता. म्हणाला, "ताई, वर दिसाले पैसे लागते. आम्ही पॅकेज घेतो, त्याचे पैसे काढाच लागते ना." हे त्याचं म्हणणं मला समजतं. दलाली हा धंदा आहे, चांगले दलाल सात-बारा, फेरफार, मोजणी सगळं बघून देतात आणि त्यांनी पैसे घ्यावेत. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. वर दिसणारी जागा विकत घेतलेली आहे, खालचा नंबर मालकाचा नाही, हे गुरुजींना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मी वेबसाइटचे नियम, मदतीची पानं वाचायला घेतली. जे कळलं ते असं. पॅकेज घेतलेल्या दलालाची नोंद यादीत वर येते. फुकट नोंद करणारा मालक खाली जातो. हिरव्या खुणेसोबत 'व्हेरिफाइड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ फोन नंबर ओटीपीने तपासला, एवढाच. जमिनीचा एकही कागद कोणी पाहिलेला नसतो. गुरुजींना मात्र वाटलं होतं की कंपनीने प्लॉट तपासला. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे आमच्या नोंदीवर कोणी 'संपर्क करा' दाबून आपला नंबर दिला, की तो नंबर त्या भागातल्या पैसे भरणाऱ्या दलालांकडेही जाऊ शकतो. नियमात हे लिहिलेलं आहे, पण इंग्रजीत आणि पार तळाशी. आमचे खरे घेणारे कुठे जात होते, ते तेव्हा उमगलं. संगणकावर वरच्या नोंदींशेजारी करड्या अक्षरात नखाएवढं 'प्रायोजित' दिसतं. मोबाइलवर तेही दिसलं नाही, आणि आमच्या गावात संगणक आहे कोणाकडे?

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या झिलो वेबसाइटवर घराच्या जाहिरातीशेजारच्या संपर्काच्या चौकटीत घर विकणाऱ्याच्या एजंटऐवजी पैसे भरणाऱ्या दुसऱ्याच एजंटचं नाव दिसण्यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. धंद्याची रीत तीच.

तक्रार कुठे करायची हा पुढचा प्रश्न. माझ्या डोक्यात आधी महारेराच आलं, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक ठळक द्यावा लागतो, अशा प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. पण हे सगळं प्रकल्पांसाठी. 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि आमचा तर जुन्या लेआउटमधला, एका घरचा, पुन्हा विकायला काढलेला प्लॉट. नव्या लेआउटमध्ये घेणाऱ्यांनी मात्र तो क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर टाकून पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. आणि यादीत 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून वर चमकणाऱ्या कितीतरी जमिनी सात-बारावर साधी शेती असतात. विदर्भासाठीच्या 1958 च्या कूळ कायद्याचं कलम 89 शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला आडवं येतं, हे जाहिरातीत कुठेच नसतं.

आमच्या कामी आला माहिती तंत्रज्ञानाचा 2021 चा नियम. त्याप्रमाणे अशा प्रत्येक वेबसाइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. आधी मी ग्राहक सेवेच्या चॅटवर लिहीत राहिले, तिथून 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच येई. पानाच्या तळाशी जाऊन त्या अधिकाऱ्याचा ईमेल शोधला आणि नियमाचा उल्लेख करून लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा तक्रार क्रमांक मिळाला. सोबत माझ्या मोबाइलमधला मूळ, न कापलेला फोटो जोडला, ज्यात काढल्याची तारीख आहे. दलालाच्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडला. त्यांनी मालकीचा पुरावा मागितला, म्हणून सरकारच्या महाभूमी वेबसाइटवरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा सात-बारा काढून आईच्या नावाने पाठवला. त्यानंतर ती नोंद उतरवली.

गुरुजींनी वेगळी तक्रार केली. भावात आणि मालकाबद्दल फसवणूक त्यांची झाली होती, म्हणून ग्राहक तेच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, त्यांनी मराठीतच सांगितलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ग्राहकाला चकवणाऱ्या 13 प्रकारांची यादी काढली आहे, त्यात जाहिरात ही जाहिरात न वाटेल अशी दाखवणं हाही एक प्रकार आहे. तो मुद्दा मी त्यांना कागदावर लिहून दिला होता. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण सरकारी क्रमांक पडलेल्या तक्रारीला कंपनीने आमच्यापेक्षा सविस्तर उत्तर दिलं, हे खरं.

प्लॉट शेवटी गुरुजींनीच घेतला, 900 च्या भावाने. दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्री झाली त्या दिवशी गुरुजींच्या सौ. आईला म्हणाल्या, "आमचे पावणेचार लाख भिंतीनं वाचवले जी."

आता शेजारच्या काकांचा प्लॉट विकायचा आहे, त्याची नोंदणी मी करून दिली. या वेळी फोटोच्या मधोमध, झाडावरून आणि जमिनीवरूनच, नंबर टाकला आहे, कापायचा तर प्लॉटच कापावा लागेल. वर्णनात सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर दिला, म्हणजे घेणारा भूलेख या सरकारी वेबसाइटवर जाऊन मालकाचं नाव स्वतः बघेल. काही दलाल म्हणतात सर्व्हे नंबर देऊ नये, गिऱ्हाईक परस्पर जातं. जाऊ द्यावं.

नोंद उतरली तरी मोबाइलवर अजून कुठली जागा पैशाची नि कुठली नाही ते दिसत नाही. त्याबद्दल मी त्याच अधिकाऱ्याला दुसरी तक्रार पाठवली आहे: पैसे घेऊन वर लावलेल्या प्रत्येक नोंदीवर, फोन नंबरच्या अगदी शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, मराठीत 'जाहिरात' आणि 'हा नंबर दलालाचा आहे' असं लिहा. पहिलं उत्तर आलं की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. मी परत लिहिलं की ही सूचना नाही, तक्रार आहे, तिला क्रमांक द्या. क्रमांक आला आहे. ठरलेल्या मुदतीत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्याचा मसुदा तयार करून ठेवला आहे.